थंडीत घरातले छोटे प्राणी उबदार कसे ठेवायचे, तेही कमी खर्चात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅमस्टर, गिनीपिग, ससा, पांढरे उंदीर, पिंजऱ्यातले पक्षी, टाकीतले मासे आणि कासवं घरात आहेत, थंडी वाढत चालली आहे आणि खोलीभर हिटर लावणं परवडणारं नाही, अशांसाठी हे पान आहे. मासे आणि कासवं सोडली तर प्राण्याचं अंग स्वतः ऊब तयार करतंच. ती त्याच्याजवळ टिकून राहावी यासाठी कोरडी, वाऱ्यापासून आडोशाला असलेली, खोल अंथरुणाची जागा करून द्या. पैसे लागले तर त्या जागेवर खर्च करा, खोली तापवण्यावर नको.

मला तर खोलीत थंडी वाजत नाही. मग त्याला कशी वाजेल?

प्राणी जितका लहान, तितकं त्याच्या वजनाच्या मानाने अंगाचं कातडं जास्त. ऊब कातड्यातूनच बाहेर जाते, म्हणून लहान प्राणी आपल्यापेक्षा फार लवकर गार पडतो आणि ती तूट भरून काढायला त्याला सतत खावं लागतं. उंदराला काही कष्ट न घेता आरामात राहता येईल असं तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. २२ अंशांच्या खोलीत आपण मजेत बसलेले असतो, तेव्हा उघड्या जागेतला उंदीर ऊब तयार करायला ताकद खर्च करत असतो. म्हणूनच तो जिथे मिळेल तिथे घरटं बांधतो.

शिवाय आपण अंगात कपडे घालून खुर्चीवर बसतो. पिंजरा बहुतेक वेळा जमिनीवर असतो, आणि गार हवा खाली साचते. खोलीत तापमान बघायचं ते पिंजऱ्याच्या उंचीवर, आणि तेही पहाटे. रात्रीची सगळ्यात जास्त थंडी सूर्योदयाच्या सुमाराला असते. रात्री झोपताना ठीक वाटलं म्हणजे पाच वाजता ठीक असेल असं नाही.

नेमकं किती तापमान हवं?

हॅमस्टर आणि गिनीपिग यांना साधारण १८ ते २४ अंश सेल्सिअस मानवतं. गिनीपिगच्या जागेत १५ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. निरोगी, घरात रुळलेल्या बजी किंवा लव्हबर्ड या छोट्या पोपटांना १८ अंशांची खोली सहसा चालते. त्यांना त्रास होतो तो अचानक होणाऱ्या बदलाचा: दिवसभर हिटरजवळ आणि रात्री उघड्या खिडकीपाशी.

सशाचं गणित उलटं आहे. त्याच्या अंगावर दाट लोकर असते, १० ते २० अंशांत तो खुशीत असतो आणि २५ च्या वर गेलं की कासावीस व्हायला लागतो. त्याला आडोसा आणि कोरडी जागा मिळाली की झालं, तापवण्याची गरज नाही. चिंचिला या दाट केसांच्या कुरतडणाऱ्या प्राण्याचंही तसंच. थंडीच्या काळजीपोटी सशाला हिटरसमोर बसवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण सशाला त्याचा त्रासच होतो.

वयस्कर, आजारी, नुकतंच ऑपरेशन झालेला किंवा बारीक झालेला प्राणी असेल तर वरच्या आकड्यांच्या उबदार टोकाकडे राहा.

थंडी वाजतेय हे कसं ओळखायचं?

गिनीपिग किंवा हॅमस्टर पाठीला बाक काढून, पाय पोटाखाली घेऊन एका कोपऱ्यात बसून राहतो, केस फुलवतो, कमी हिंडतो, नेहमीच्या वेळी खायला येत नाही. थरथर दिसली तर उशीर व्हायला लागला आहे असं समजा.

पक्षी पिसं फुलवून एक पाय पोटात घेऊन झोपतो, ते नेहमीचं आहे. पण दिवसाढवळ्या पिसं फुललेली, दोन्ही पाय टेकलेले, डोळे अर्धवट मिटलेले, श्वासासोबत शेपटी वरखाली होतेय, किंवा तो पिंजऱ्याच्या तळाशी येऊन बसलाय, तर तो आजारी आहे. ऊब द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सशाच्या कानांवरून अंदाज बांधू नका. जास्तीची उष्णता तो कानांतून बाहेर टाकतो आणि थंडीत तिकडचा रक्तपुरवठा आखडून घेतो, त्यामुळे ठणठणीत सशाचे कानही थंडीत गार लागतात. सशाच्या बाबतीत खाण्याकडे आणि लेंड्यांकडे लक्ष ठेवा. ससा किंवा गिनीपिग १२ तास काहीच खात नसेल तर कारण थंडी असो वा दुसरं काही, डॉक्टरांकडे जायचंच. त्यांची आतडी थांबली की जिवावर बेततं.

पिंजरा कुठे ठेवू?

या एका गोष्टीला पैसा लागत नाही आणि फरक सगळ्यात जास्त पडतो.

बाहेरच्या भिंतीला लागून नको, आतल्या भिंतीजवळ ठेवा. खिडकी आणि दार यांच्यामधल्या रेषेत नको, तिथून झुळूक जाते. जमिनीवर नको. टेबल किंवा भक्कम स्टूल बरा, आणि ते नसेल तर पिंजऱ्याखाली पुठ्ठ्याचे तीन-चार थर किंवा थर्माकोलचा पत्रा घाला. थर्माकोल कुरतडता येणार नाही असा पूर्ण बाहेर, तळाखाली असावा. फरशीमधून तळाला लागणारी थंडी त्याने तुटते.

झुळूक आहे की नाही ते तपासायची सोपी रीत: टिश्यू पेपरची दोन बोटं रुंद, वीतभर लांब पट्टी फाडा. दारं-खिडक्या रात्री असतात तशा बंद करा, पंखा बंद करा, आणि पट्टीचं वरचं टोक चिमटीत धरून ती पिंजऱ्याच्या प्रत्येक कोपऱ्यापाशी थोडा वेळ स्थिर धरा. श्वास रोखून धरा, नाहीतर तो आपलाच वारा असतो. खालचं टोक एका बाजूला कलत राहिलं की हवा कुठून येते ते कळतं. बहुतेक वेळा ती दाराखालच्या फटीतून येते. जुनी चादर गुंडाळून तिथे दाबून ठेवली की काम होतं. खिडकीच्या काचेवर बबल रॅप चिकटवला तरी गारवा बराच अडतो. काच थोडी ओली करून लावला तर तो तसाच चिकटतो.

घरातली माणसं ज्या खोलीत रात्री झोपतात तिथेच प्राणी ठेवता आला तर उत्तम. माणसांच्या अंगानेही खोली थोडी उबदार राहते. अपवाद पक्ष्यांचा: ते स्वयंपाकघरात नकोत. कारण पुढे शेगडीच्या प्रश्नात आहे.

दुपारचं ऊन येत असेल तर जाळीचा पिंजरा तासभर उन्हात सरकवा, पण अर्ध्या पिंजऱ्यावर सावली राहील असा. काचेची टाकी उन्हात कधीच ठेवू नका. हिवाळ्यातही ती आत भट्टीसारखी तापते.

रात्री पिंजऱ्यावर ब्लँकेट टाकलं तर चालेल?

चालेल, तीन बाजू आणि वरची बाजू झाका. चौथी बाजू उघडी ठेवा, झुळूक येते तिच्या विरुद्ध दिशेची. सगळीकडून गच्च झाकलं तर आत लघवीचा अमोनिया आणि दमटपणा साचतो, आणि त्याने छोट्या प्राण्यांची छाती लगेच धरते. सकाळी ब्लँकेट काढताना आतून ओलसर लागलं किंवा काचेवर पाणी जमलेलं दिसलं तर हवा कमी पडतेय. अजून थोडं उघडा.

प्लॅस्टिकचा कागद वापरू नका. आणि कुरतडणारा प्राणी असेल तर ब्लँकेट जाळीला टेकता कामा नये. तो रात्रभरात धागे आत ओढून घेतो. पिंजऱ्याभोवती पुठ्ठ्याचा खोका उभा करून त्यावर ब्लँकेट टाकलं की दोन्ही प्रश्न सुटतात.

अंथरायला स्वस्तात काय वापरता येईल?

हॅमस्टर, उंदीर, जर्बिल (उंदरासारखाच खणणारा छोटा प्राणी) यांच्यासाठी साधा पांढरा टिश्यू किंवा टॉयलेट पेपर उत्तम आहे. सुगंधी, रंगीत नको. तो हातानेच लांब पट्ट्यांमध्ये फाडा. कात्रीने बारीक चौकोनी तुकडे केले तर घरटं बांधलं जात नाही, कारण प्राण्याला विणायला लांबी लागते. खाली कोऱ्या कागदाच्या पट्ट्या किंवा लाकडाचा भुसा, वर टिश्यूचा ढीग. थर चांगला खोल असू द्या. हॅमस्टरला निदान १५ सेंटिमीटर हवाच, थंडीत २० ते २५ दिलात तर तो स्वतःच खणून आत जाऊन बसतो. पिंजऱ्याचा तळ उथळ असेल तर एका बाजूला पुठ्ठ्याचा खोका ठेवून तो काठोकाठ भरा.

वर्तमानपत्राची रद्दी सगळ्यात खालच्या थराला चालते, शोषून घेण्यासाठी. गुळगुळीत, चकचकीत कागद कशालाच नको. ऑफिसमधले फाडलेले कागद आणाल तर स्टेपलच्या पिना एकूण एक काढा.

ससा आणि गिनीपिग यांना सुकं गवत. ते अंथरूणही आहे आणि जेवणही. भरपूर घाला, इतकं की गिनीपिगला त्यात बोगदा करता यावा. गवताच्या पोकळ काड्यांमध्ये हवा अडकते आणि तीच ऊब धरून ठेवते. फ्लीसचं जुनं जॅकेट किंवा ब्लँकेट घरात असेल तर गिनीपिगसाठी तेही चांगलं. फ्लीसमधून ओल खाली उतरते आणि वरचा भाग कोरडा राहतो, पण खाली शोषणारं काहीतरी हवं. कापल्यावर त्याचे धागेही निघत नाहीत.

काय वापरू नये ते नीट लक्षात ठेवा. कापूस आणि कापसासारखं मऊ, फुगीर «घरट्याचं सामान» नको: त्याचे तंतू पायांना आवळले जातात, पाय सुजून निकामी होतात, आणि पोटात गेले तर आतडी तुंबतात. लोकरीचं विणलेलं, धागे सुटणारं काही नको. टॉवेलच्या फासांत नखं अडकतात. देवदाराचा भुसा वासाला छान लागतो, पण त्यातली तेलं श्वसनमार्गाला आणि यकृताला त्रास देतात. पक्ष्यांसाठी कापडी तंबू मिळतात, तेही टाळा. पक्षी धागे कुरतडून गिळतात किंवा त्यात अडकतात.

आणि अंथरूण ओलं असेल तर कितीही खोल असून उपयोग नाही. ओल्या कागदात अडकलेली हवाच उरत नाही, ऊब सरळ निघून जाते. रोज सकाळी हाताची मागची बाजू अंथरुणात तळापर्यंत घालून बघा. गार आणि चिकट लागलं ते काढा, कोरडं असेल ते राहू द्या.

झोपायला खोपटं विकत घ्यावं लागेल का?

नाही. पुठ्ठ्याचा खोका पुरतो, आणि तो लहानच असावा. मोठ्या खोक्यातली हवा तापवायला त्या एवढ्याशा अंगाला जमत नाही. हॅमस्टरला बुटांच्या खोक्याच्या अर्ध्याएवढा, गिनीपिगला दोघं अंग चोरून बसतील एवढा. टेप, लेबलं आणि पिना काढून टाका. दार एकच ठेवा, बेताचं, आणि झुळुकेच्या उलट बाजूला. गिनीपिग दोन असतील तर मात्र दारं दोन हवीत, नाहीतर एक दुसऱ्याला कोंडतो. आत दोन-तृतीयांश टिश्यू किंवा गवत भरा आणि उरलेलं दारासमोर पसरून ठेवा.

मग लांबून बघत बसा. हॅमस्टर आधी दाराशी वास घेतो, मग बाहेरची एक पट्टी तोंडात धरतो, पुढच्या पंजांनी तिची घडी घालत घालत गालाच्या पिशवीत कोंबतो, आत जातो आणि रिकामे गाल घेऊन परत येतो. गाल फुगवून अशा बऱ्याच खेपा होतात. शेवटी तो दार आतून कागदाने बुजवून टाकतो. बुजवलेलं दार ही चांगली खूण आहे, ते उकरू नका. पुठ्ठा ओला झाला की खोका फेका, नवा करा.

गरम पाण्याची बाटली ठेवली तर?

चांगला आणि जवळजवळ फुकटचा उपाय आहे, नीट वापरला तर. पाणी उकळतं नको. हात बुडवून ठेवता येईल इतकं, साधारण ४० ते ४५ अंश. बाटलीवर जाड मोजा चढवा. कुरतडणाऱ्या प्राण्याच्या पिंजऱ्यात रबरी पिशवी किंवा प्लॅस्टिकची बाटली आत ठेवू नका, ती फुटून अंथरूण भिजेल. पिंजऱ्याच्या बाहेरून, झोपायच्या खोक्याच्या बाजूला टेकवून ठेवा आणि वरून ब्लँकेट घ्या. आतच ठेवायची असेल तर घट्ट झाकणाची जाड काचेची बरणी वापरा, लवंडणार नाही अशी.

प्राण्याला तिच्यापासून लांब सरकता आलं पाहिजे. हा नियम ऊब देणाऱ्या प्रत्येक वस्तूला लागू आहे, अगदी प्रत्येक. एक बाजू उबदार, एक साधी. त्याला किती ऊब हवी ते तोच ठरवू शकतो.

दोन-तीन तासांनी बाटली गार पडते. मग काढून घ्या. गार बाटलीला टेकून झोपलेल्या प्राण्याच्या अंगातली ऊब उलट ती बाटलीच ओढून घेते. मध्यरात्री उठणं शक्य नसेल तर बाटलीवर भिस्त ठेवू नका, अंथरूण खोल करा.

मोज्यात कोरडे तांदूळ भरून, गाठ मारून मायक्रोवेव्हमध्ये थोडा थोडा वेळ गरम केलेली पुरचुंडीही चालते. मधेमधे हलवा, कारण ती आत एखाद्या ठिकाणी जास्त तापते. आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून बघितल्याशिवाय प्राण्याजवळ नेऊ नका.

खोलीत हिटर लावू की पिंजऱ्याखाली हिटिंग पॅड घेऊ?

हिशोब करून बघू. १५०० वॅटचा हिटर ८ तास सलग चालला तर १२ युनिट वीज जाते. १५ वॅटचा पॅड तेवढेच तास चालला तर ०.१२ युनिट. महिन्याच्या ३० रात्रींचे हिटरचे ३६० युनिट, पॅडचे साडेतीनच्या थोडे वर. हिटर मधेमधे आपोआप बंद होत असला तरी फरक प्रचंड राहतो. तुमच्या बिलावरचा युनिटचा दर त्याला गुणून बघा, पॅडची किंमत किती दिवसांत वसूल होते ते कळेल.

म्हणून थंडी खरंच कडक असेल आणि अंथरुणाने भागत नसेल तर पॅड घ्या. तो तळाखाली बाहेरून, जेमतेम एक-तृतीयांश ते अर्ध्या भागाखाली लावा. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला पॅड आपोआप बंद करणारं यंत्र, असलेला घेता आला तर तोच घ्या, इथे पैसे वाचवू नका. बिननियंत्रणाचा पॅड कधीकधी नुसता तापतच राहतो. वायर पिंजऱ्यात जाता कामा नये आणि जाळीच्या जवळूनही जायला नको. खोल खणणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत एक अडचण आहे: तो ऊब टाळायला खाली खणतो आणि थेट पॅडवर पोचतो. हॅमस्टर, जर्बिल असतील तर पॅड पिंजऱ्याच्या बाहेरच्या बाजूला उभा लावा.

माणसांचे कंबर शेकायचे पॅड प्राण्याच्या अंगाखाली रात्रभर ठेवायचे नसतात. कमी तापमानावरही एकाच जागी तासन्‌तास बसलेल्या प्राण्याची कातडी भाजते, आणि केसांमुळे ते आपल्याला दिसतही नाही.

बल्ब लावून ठेवला तर स्वस्त पडेल ना?

एलईडी बल्ब ऊब देत नाही. जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब देतो, पण रात्रभर उजेड राहिला तर पक्षी झोपत नाहीत आणि हॅमस्टर बिळाबाहेर येत नाही. उजेड न देणारे सिरॅमिक हिटर मिळतात. ते खूप तापतात, म्हणून त्यांना सिरॅमिकचाच होल्डर लागतो, प्लॅस्टिकचा वितळतो. काहीही लावलंत तरी ते पिंजऱ्याच्या बाहेर, जाळीच्या आडोशाने, आणि ब्लँकेट, कागद, गवत यांपासून लांब. दिवा कापडाला टेकून आग लागणं ही सहज होणारी गोष्ट आहे.

शेगडी पेटवली तर?

बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो माणसांचाही जीव घेतो. छोटे प्राणी आधी जातात एवढंच. पूर्वी कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी न्यायचे ते याचसाठी. पक्ष्याचा श्वास इतका कार्यक्षम असतो की हवेतलं विषही तितक्याच झटपट आत जातं.

पक्षी घरात असेल तर नॉनस्टिक भांडी रिकामी तापत ठेवू नका. जास्त तापलेल्या टेफ्लॉनचा धूर काही मिनिटांत पक्षी मारतो. काही हिटर आणि उष्णता देणाऱ्या बल्बवरही असाच लेप असतो. पक्ष्याच्या खोलीसाठी हिटर घेण्याआधी हे विचारून घ्या. उदबत्ती, डासांची कॉइल, रॉकेलचा स्टोव्ह हेही त्याच्या खोलीत नको.

दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं तर एकमेकांची ऊब मिळेल?

आधीपासून एकत्र राहणारे गिनीपिग, उंदीर, ससे बिलगून झोपतात आणि त्याचा खूप फायदा होतो. पण सीरियन हॅमस्टर एकटाच राहणारा प्राणी आहे. दुसऱ्याला त्याच्या पिंजऱ्यात सोडलंत तर ते एकमेकांना जिवे मारेपर्यंत भांडतात. ऊब मिळावी म्हणून ससा आणि गिनीपिगही एकत्र ठेवू नका. सशाच्या एका लाथेने गिनीपिगची हाडं मोडतात.

स्वेटर घालू का?

ससा, हॅमस्टर, गिनीपिग, पक्षी यांना नाही. ते कपडा कुरतडतात, त्यात अडकतात, घाबरतात, आणि दबलेल्या लोकरीत हवा धरली जात नाही. आखूड केसांच्या छोट्या कुत्र्याला अंगाबरोबरचा, पाय न आवळणारा स्वेटर चालतो. ओला झाला की लगेच काढा.

खाण्यात काय बदल करायचा?

थंडीत भूक वाढते, ती भागवा. ससा आणि गिनीपिग यांचं गवत कधीच संपू देऊ नका. ते पचताना आतड्यात आंबण्याची जी क्रिया चालते तिच्यातूनही अंगात ऊब तयार होते. दाणे वाढवून त्यांचं पोट बिघडवू नका. हॅमस्टर आणि उंदरांना रोजच्यापेक्षा थोडं जास्त आणि एखाद-दुसरी तेलबी. हॅमस्टरचा साठा साफसफाईत फेकू नका, नासलेलं तेवढंच काढा. साठा रिकामा दिसणं हे त्याला थंडीच्या सुप्तावस्थेत ढकलणाऱ्या कारणांपैकी एक आहे.

पाणी फार गार असेल तर प्राणी कमी पितात. सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी भरा आणि बाटलीची नळी चालतेय ना ते बोटाने बघा.

अंघोळ घालायची का?

छोट्या प्राण्यांना थंडीत अजिबात नाही. हॅमस्टर, जर्बिल यांना वाळूची वाटी पुरते. गिनीपिगचं मागचं अंग घाण झालंच तर तेवढीच जागा कोमट फडक्याने पुसा आणि पूर्ण कोरडी करा. पक्ष्यांना आपणहून पाण्यात खेळायला आवडतं, ते दुपारी द्या म्हणजे संध्याकाळपर्यंत पिसं वाळतात.

माशांच्या टाकीचं काय?

गोल्डफिश थंड पाण्यातला मासा आहे, त्याला साधारणतः हिटर लागत नाही. फायटर, गप्पी, टेट्रा यांना मात्र २४ ते २७ अंश लागतात. हिटर घेताना लिटरमागे सुमारे १ वॅट असा अंदाज धरतात: ५० लिटरच्या टाकीला ५० वॅट. खोली फारच गार असेल तर थोडा जास्त.

वीज वाचवायची असेल तर आधी झाकण लावा. टाकीतली बरीचशी उष्णता पाण्याची वाफ होऊन वरून जाते. मग मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून थर्माकोलचे पत्रे लावा. एवढ्याने हिटर चालू राहण्याचा वेळ स्पष्ट कमी झालेला दिसतो, त्याच्या दिव्यावर लक्ष ठेवून बघा.

पाणी बदलताना थोडं थोडं बदला आणि नवं पाणी टाकीच्याच तापमानाचं करून घाला. हिटर आधी बंद करून १५-२० मिनिटं निवू द्या. गरम काच पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते. थंडी पडल्यावर माशाची हालचाल मंद झाली असेल तर खाणं कमी करा. तापमान वाढवायचं तर हळूहळू, तासाला एक-दोन अंशांहून जास्त नको.

आणि कासव?

पाण्यातल्या कासवाला पाणी २४ ते २६ अंश आणि अंग शेकायला ३० अंशांवरची कोरडी जागा हवी. त्याचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही, म्हणून खोल अंथरुणाचा त्याला उपयोग नाही, बाहेरूनच द्यावी लागते. कासव थंडीत झोपतं म्हणून तसंच सोडून देतात, ते चुकीचं आहे. १२ ते १५ अंशांच्या घरात ते धड शीतनिद्रेत जात नाही आणि खाल्लेलं पचवूही शकत नाही. महिनोन्‌महिने झिजतं आणि छाती धरते. यूव्हीबी दिवा (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) आणि ऊब देणारा दिवा वेगळे, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

वीज गेली तर?

जाळीच्या पिंजऱ्याला ब्लँकेट, जवळ मोजा चढवलेली बाटली, आणि घरातल्या सगळ्यात लहान खोलीत सगळे प्राणी. टाकीला चहूबाजूंनी ब्लँकेट गुंडाळा. पाणी हळू निवतं, पहिले काही तास घाबरू नका. टाकी फार गार पडायला लागली तर थोडं पाणी काढून जागा करा आणि गरम पाण्याने भरलेली, घट्ट बंद बाटली तरंगत सोडा. पंप बंद पडल्याची चिंता थंडीत जरा कमी, कारण गार पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो. वीज येईपर्यंत माशांना खायला घालू नका.

हॅमस्टर गार पडलाय, हलत नाही. मेला का?

लगेच तसं ठरवू नका. थंडी, छोटा दिवस आणि अपुरं खाणं एकत्र आलं की हॅमस्टर सुप्तावस्थेत जाऊ शकतो. अंग गार, गोळा झालेलं, श्वास इतका क्वचित की दिसतच नाही. उजेडात नेऊन काही मिनिटं मिशा आणि छाती बघत राहा. मिशांची किंचित हालचाल झाली तरी तो जिवंत आहे.

त्याला दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्या किंवा फ्लीसमध्ये गुंडाळून आपल्या पोटाशी धरा, आणि खोली २० अंशांच्या वर आणता येत असेल तर आणा. हळूहळू ऊब द्या. गरम पाण्यात बुडवू नका, हेअर ड्रायर मारू नका, हिटरसमोर धरू नका. अर्धा तास ते दोन तास लागू शकतात. आधी थरथर सुरू होते, ती चांगली. पूर्ण जागा होऊन डोकं सावरेपर्यंत तोंडात काहीही घालू नका, ते फुफ्फुसात जाईल. जागा झाल्यावर कोमट पाणी आणि रोजचं खाणं समोर ठेवा. तो उठला तरी डॉक्टरांना दाखवा. अशा अवस्थेत त्याची बरीच ताकद गेलेली असते, आणि मुळात थंडीमुळे नाही तर आजाराने असं झालेलं असू शकतं. तासाभरात काहीच फरक नसेल तर वाट बघत बसू नका.

मांजरीचं पोरकं पिल्लू सापडलंय, गारठलंय. दूध पाजू का?

आधी ऊब, मग दूध. हा क्रम कधीही उलटा करू नका. गारठलेल्या पिल्लाचं आतडं चालत नाही. पाजलेलं दूध तसंच साचतं किंवा श्वासनलिकेत जातं. पिल्लू अंगाशी धरा, तोंडात बोट घातल्यावर आतून उबदार लागेपर्यंत थांबा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही, त्यांच्याजवळ २९ ते ३२ अंश लागतात. खोक्यात एका बाजूला गुंडाळलेली बाटली, दुसरी बाजू मोकळी. पाजायला पिल्लांसाठीचं दूध आणा आणि कसं पाजायचं ते डॉक्टरांकडून शिकून घ्या. पालथं ठेवून पाजतात, उताणं नाही.

पैसे थोडेच आहेत. आधी काय घेऊ?

थर्मामीटर. कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान लक्षात ठेवणारा साधा डिजिटल मिळतो, तो पिंजऱ्याजवळ टांगा. दोन रात्रींचे आकडे बघितले की कळतं की हिटिंग पॅडची गरज आहे की नुसता पिंजरा सरकवून भागतंय. त्यानंतर टिश्यू आणि गवत. मग लागलाच तर थर्मोस्टॅटचा पॅड. आणि या सगळ्याआधी थोडे पैसे डॉक्टरांसाठी बाजूला ठेवा. ते बाकी कशावरही खर्च करू नका.

थंडीत डॉक्टरांकडे कसं न्यायचं?

छोटा खोका किंवा कॅरियर घ्या, मोठा नको. त्यात त्याच्याच पिंजऱ्यातलं वापरलेलं, कोरडं अंथरूण घाला. ओळखीच्या वासाने तो कमी घाबरतो. एका कोपऱ्यात मोजा चढवलेली कोमट बाटली, लवंडणार नाही अशी अडकवून. वरून ब्लँकेट, पण हवेची भोकं मोकळी. वाहन आधीपासून उबदार करता येत असेल तर करा, दुचाकीवर असाल तर मागे बसणाऱ्याने खोका जॅकेटच्या आत, छातीशी धरावा. निघण्याआधी फोन करून तुमचा प्राणी कोणता ते सांगा. सगळेच डॉक्टर पक्षी किंवा हॅमस्टर बघत नाहीत, आणि हे दारात पोचल्यावर कळलं तर गारठलेल्या जिवाला घेऊन पुन्हा बाहेर पडावं लागतं.